शिकलेल्या शहरात धंदे जास्त निघतात म्हणे, मग आपल्या वणी-चंद्रपूर कोळसा पट्ट्यात काहून नाही निघत?

काळी_माती (वणी तालुका)

नवीन धंदे कुठं उघडतात यावर एजाज घनी, विल्यम कर आणि स्टीफन ओ'कॉनेल या तिघा अर्थतज्ज्ञांचा भारतातल्या जिल्ह्यांवरचा अभ्यास आहे. कारखाने पण घेतले, सर्व्हिसवाले पण घेतले. त्यात दोन गोष्टी ठळक निघाल्या, तिथल्या लोकांचं शिक्षण आणि तिथले रस्ते-वीज-पाणी. हे जिथं बरं तिथं नवीन युनिट जास्त. अमेरिकेतला अर्थतज्ज्ञ एडवर्ड ग्लेझर तर किती वर्षांपासून हेच सांगून राहिला की शहर तगते ते शिकलेल्या माणसांवर, बोस्टन तगलं अन डेट्रॉइट बसलं. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० ला साडेअठरा लाख होती, २०१० ला सात लाखावर आली.

हे वाचलं आणि मी २०११ च्या जनगणनेतले साक्षरतेचे आकडे काढून बसलो. पुणे जिल्हा ८६ टक्के. अकोला ८८, अमरावती ८७, वर्धा ८७ च्या काठावर, नागपूर ८८ च्या वर. म्हणजे आपल्या इकडचे हे जिल्हे पुण्याच्या पुढं आहेत बाप्पा! यवतमाळ पण ८३ च्या जवळ आहे आणि चंद्रपूर ८०. मग चाकण, भोसरी, हिंजवडी तिकडं काहून आणि आपल्या इकडं पानठेले, झेरॉक्स, मोबाइल रिपेअरिंग आणि माझ्यासारखे कृषी केंद्रवाले काहून? वणीत आता बी.ए., डी.एड. नाहीतर इंजिनिअरिंग झालेलं एकही पोट्टं नाही अशी एक गल्ली दाखवा मले. पण यातलं कोण धंद्यात आहे विचारलं की बोटांवर मोजायची पण गरज नाही.

माझं म्हणणं मांडून ठेवतो, मग तुम्ही सोला. गावात शिक्षण किती झालं हे मोजून अर्धंच कळते, शिकलेला माणूस गावात राहून काय करते ते पाहा. आपल्या पट्ट्यात तो एक तर पगारावर आहे नाहीतर पगाराची वाट पाहून राहिला. त्यामुळं शिक्षण वाढलं तरी धंदा वाढत नाही.

तर्री_पोहे (नागपूर)

कायची डिग्री न कायचं काय भाऊ. सोलार इंडस्ट्रीजचे सत्यनारायण नुवाल पाहा. मूळचे राजस्थानातले, शिक्षण दहावी, आले कुठं तर बल्लारशाले, तुमच्याच पट्ट्यात. स्फोटकांचा व्यापार सुरू केला, खाणीवाल्यांना माल पुरवला आणि १९९५ मध्ये स्वतःचा कारखाना टाकला. आज लष्कराला माल देऊन राहिले. तुमच्या वणी-बल्लारशाच्या डिग्रीवाल्या पोरांच्या डोळ्यासमोर त्याच खाणी होत्या ना? त्यांना काहून नाही दिसलं? धंदा रक्तात लागते, कॉलेजात नाही भेटत.

गुरुजी_आर्णी

तर्री, एक माणूस म्हणजे जिल्हा नव्हे. असे हजारात एखादे निघतात, त्यांना कोणीच अडवू शकत नाही. प्रश्न बाकीच्या नऊशे नव्याण्णवांचा आहे.

काळी माती, तुमच्या आकड्याबद्दल सांगतो. जनगणनेतला साक्षर म्हणजे सात वर्षांवरचा, ज्याला कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येतं तो. त्यात माझी चौथी शिकलेली आजी पण आली आणि पुण्यातला पीएचडीवाला पण आला, दोघांची किंमत सारखीच. ग्लेझरसारखी मंडळी मोजतात ते पदवीधरांचं प्रमाण. आमच्या शाळेतून चांगल्या मार्कांनी जी पोरं बाहेर पडली त्यातली बहुतेक आज पुणे, हैदराबाद, काही बंगलोरला आहेत. दिवाळीत येतात, पाया पडतात, चार दिवस राहून जातात. आपण शिकवायचं न दुसऱ्याच्या शहराचा आकडा वाढवायचा, असं चाललं आहे. साक्षरता इथं मोजली जाते आणि पदवी तिकडं.

आणि जे राहिले त्यांना धंदा करू कोण देतं? आजच्या घडीला धंदेवाल्या पोराला पोरगी भेटत नाही, हे तुम्ही सगळे जाणता. दुकान चांगलं चालू द्या, दोन मजली घर असू द्या, पाहुणे विचारतात नोकरी काय आहे. मग पोरगा काय करेल? तिसऱ्यांदा तलाठ्याचा फॉर्म भरेल.

वेकोलि_क्वार्टर (घुग्घुस)

गुरुजी हे लग्नाचं एक नंबर बोलले. वेकोलित, म्हणजे कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीत आहे म्हणलं की पोरीचा बाप चहा पण थंड होऊ देत नाही, अन त्याच पोराचं वर्कशॉप आहे म्हणलं की पाहतो म्हणते, कळवतो म्हणते.

आता मी सांगतो आमच्या इकडचं. माया बापाची जमीन खाणीत गेली. कोल इंडियाचा नियम हाय, दोन एकरामागं एक नोकरी. ज्याच्यापाशी कमी जमीन त्यानं भावाची जोडून दोन एकर केले अन मंग नोकरी कोणाच्या नावानं यावरून घरातच भांडणं, कोर्टापर्यंत. त्या दिवसापासून गावातल्या हरेक बापाच्या डोक्यात एकच हिशोब बसला का पोराले दहावी-बारावी करा, कागद तयार ठेवा, आपला नंबर लागन. शिक्षण म्हणजे त्या कागदासाठीचं. आयटीआय केली तं फिटर म्हणून खाणीत लागासाठी, बाहेर फिटरचं दुकान टाकासाठी नाई. माया संगतचा पोट्टा वेल्डर, हात असा सफाईचा का पाहात राहावं, पण अजून प्रकल्पग्रस्ताच्या यादीत नाव पाहून राह्यला अन तोपर्यंत काही करत नाई. त्याले बोलून फायदा नाई, कारण खरंच नंबर लागते कोणाचा कोणाचा. नसताच लागला तं सोडून देल्लं असतं त्यानं.

अन मोबदल्याचा पैसा आला तेव्हा काय झालं? स्कॉर्पिओ आल्या, प्लॉट घेतले, ज्याले धंद्याचं सुचलं त्यानं हायवा, म्हणजे मोठा टिप्पर ट्रक घेतला अन खाणीतच लावला. म्हणजे धंदा केला तरी गिऱ्हाईक एकच. भाव तो ठरवन, बिल तो काढन, अन काम बंद झालं का हायवा घरासमोर उभा अन हप्ते चालू. ओबीचं, म्हणजे कोळशावरची माती काढाचं काम बाहेरच्या कंपन्या घेते, डायव्हर पण बाहेरून आणते. आम्ही धूळ खातो.

कॉलेजची_ताई (चंद्रपूर)

वेकोलि भाऊ, तुम्ही जे लिहिलं ते एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये वेगळ्या भाषेत लिहून ठेवलं आहे. बेंजामिन चिनित्झ नाव त्याचं. त्यानं न्यूयॉर्क आणि पिट्सबर्गची तुलना केली. पिट्सबर्ग पोलादाचं, बाजूला कोळसा, मोठमोठे कारखाने. न्यूयॉर्कला तेव्हा कपडे शिवणाऱ्या बारक्या बारक्या युनिटांचं जाळं. त्याचं म्हणणं असं की मोठ्या कारखान्याच्या गावात नवा उद्योजक तयारच होत नाही, आणि त्याची कारणं त्यानं फार जमिनीवरची दिली आहेत. मोठी कंपनी आपलं वर्कशॉप स्वतः ठेवते, वाहतूक स्वतः बघते, तिचे वकील-हिशोबनीस सगळे आतलेच असतात. त्यामुळं बाहेर छोट्या माणसाला हे सगळं भाड्यानं किंवा कामापुरतं देणारा बाजार उभाच राहत नाही. न्यूयॉर्कच्या शिंप्याला बटणवाला, काजेवाला, उधारीवर कापड देणारा, सगळे पुढच्याच गल्लीत. पैशाचं पण तसंच, मोठ्या कंपनीचा नफा मोठ्या कंपनीतच फिरतो आणि बँकेला पण मोठ्या खात्याची सवय लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पगारदार बापाच्या घरात वाढलेल्या पोरानं जेवताना धंद्याच्या गोष्टी ऐकलेल्याच नसतात. उधारी कशी वसूल करायची, माल पडून राहिला तर काय करायचं, हे दुकानदाराच्या घरात दहाव्या वर्षी कानावर पडतं. चिनित्झनं तर बायकांबद्दल पण लिहिलं आहे, पोलाद कारखान्यातल्या शिफ्टच्या घरात बाईनं बाहेर काम करणं कसं अवघड होतं ते. आमच्या वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या किंवा घुग्घुसच्या क्वार्टरमधल्या कोणत्याही बाईला विचारा, तिला पिट्सबर्ग नवीन वाटणार नाही.

नंतर ग्लेझर आणि केर आडनावाचे दोघे यांनी मिळून हे आकड्यांवर तपासलं. काळी मातीनं ज्या विल्यम करचं नाव घेतलं त्यातलाच एक, मी केर लिहिते एवढंच. त्यांनी अमेरिकेतल्या जुन्या, शेदीडशे वर्षांपूर्वीच्या खाणींची ठिकाणं घेतली आणि बघितलं की ज्या शहरांजवळ खाणी होत्या तिथं पुढं कंपन्या मोठ्या मोठ्या झाल्या, नवीन छोट्या कमी निघाल्या, आणि शहराची वाढ मंदावली. गंमत म्हणजे ज्या धंद्यांचा खाणीशी काही संबंध नाही त्यातसुद्धा नवे लोक कमी उतरले. खाण संपली तरी तिची सवय राहिली, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्याकडं बघा. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, भोवती वेकोलिच्या खाणी, घुग्घुस, गडचांदूर, आवारपूरचे सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल, भद्रावतीची आयुध निर्माणी. एवढा उद्योग आहे की हवा घ्यायला जागा नाही. पण उद्योग आहे म्हणजे उद्योजक आहेत असं होत नाही. आमच्या बी.कॉम.च्या वर्गात मी दरवर्षी विचारते की कोणाला स्वतःचं काही करायचं आहे. हात वर करणारी पोरं बहुतेक गोलबाजारातल्या दुकानदारांची असतात. खाणीतल्या, सिमेंटमधल्या, वीज केंद्रातल्या घरांतली पोरं हुशार असतात, मार्क पण जास्त, पण हात खाली.

म्हणून शिक्षणाचा आणि उद्योजकतेचा संबंध आहे हे मान्य, पण तो संबंध गावातल्या मोठ्या मालकाच्या गाळणीतून जातो.

तर्री_पोहे (नागपूर)

ताई मुद्दा भारी आहे पण मग नागपूरचं काय? एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केली, ती पण मोठी कंपनीच होती ना. कापूस वऱ्हाडातला, कोळसा तेव्हा वरोऱ्याला निघतच होता, गिरणी मात्र नागपुरात. आणि कामठीच्या लक्ष्मीनारायण यांनी मँगनीजच्या खाणीत कमावलेला पैसा देऊन ठेवला त्यातून १९४२ ला नागपुरात एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे कॉलेज उभं राहिलं. खाणीच्या पैशातून केमिकल इंजिनिअर घडले बघा.

कॉलेजची_ताई (चंद्रपूर)

तेच तर सांगून राहिले तर्रीदादा. पैसा खाणीचा, कॉलेज नागपूरला. वरोऱ्याला काय राहिलं मग?

तर्री_पोहे (नागपूर)

बरं हे लागलं जरा.

पुण्यात_अडकलेला (मूळ दिग्रस)

गुरुजी, तुम्ही म्हणता ते दिवाळीत येणाऱ्यातला मी एक. पाया पडतो ते पण खरं.

आमची बारकी सॉफ्टवेअर कंपनी आहे, दवाखान्यांचं बिलिंग वगैरे. सुरुवातीला मी मनापासून प्रयत्न केला की यवतमाळमध्ये करू, जागा स्वस्त, घरचं जेवण, आईबाबा जवळ. जमलं नाही आणि का जमलं नाही ते सांगतो कारण लोक नेहमी इंटरनेट आणि लाइटवर ढकलतात, ते आता इतकं वाईट नाही. अडलं ते माणसांवर. मला एक चांगला टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारा पाहिजे होता, यवतमाळात मिळाला, चार महिन्यांनी पुण्याला गेला, कारण इथं माझी कंपनी बुडाली तर त्याला दुसरी नोकरी नाही आणि पुण्यात माझी बुडाली तर समोरच्या बिल्डिंगमध्ये दहा आहेत. त्याचं काही चुकलं नाही. म्हणजे शिकलेली माणसं एका ठिकाणी जास्त असली की कामगाराची पण भीती कमी होते आणि मालकाची पण, मला माणूस जाण्याची भीती नाही आणि त्याला कंपनी जाण्याची. परत त्याच्या बायकोला पण नोकरी लागते, पोराला शाळा लागते, हे सगळं धरून माणूस शहर निवडतो.

दुसरं, गिऱ्हाईक. शिकलेल्या शहरातला डॉक्टर सॉफ्टवेअरचे पैसे देतो, तक्रारी करतो, हे बदला ते बदला म्हणतो, त्यातूनच माल सुधारतो. आपल्याकडच्या डॉक्टरसाहेबांनी मला चहा पाजला आणि भाचा फुकट करून देतो म्हणाले.

इन्फोसिस १९८१ ला पुण्यात सुरू झाली आणि १९८३ ला बंगलोरला गेली हे सगळ्यांना माहीत आहे. बंगलोरला टाटांच्या देणगीवर उभी राहिलेली विज्ञान संस्था १९०९ पासून, विमानं बनवणारी एचएएल १९४० पासून. आता ताई म्हणतील एचएएल पण मोठी सरकारी कंपनीच, तिथं का नाही पोरं आळशी झाली? मला वाटतं फरक असा की तिथं एकाच प्रकारचा एकच मालक नव्हता. विमानाची एचएएल, मशीन-घड्याळांची एचएमटी, इलेक्ट्रॉनिक्सची बीईएल, कॉलेजं, सगळं वेगवेगळं, आणि बाहेरून सुटे भाग करून घ्यायची गरज होती. कोळशाला सुटा भाग नसतो. जमिनीतून काढला, वॅगनमध्ये टाकला, गेला.

खरं_बोला (पांढरकवडा)

सगळे शहाणे बोलून राहिले पण एक गोष्ट कोणी म्हणत नाही. देशात बेरोजगारी पदवीधरांत जास्त आहे आणि अडाण्यांत कमी. कारण अडाणी माणसाला रिकामं बसणं परवडत नाही, तो भाजीची गाडी लावते. आणि सरकारी कागदावर तो स्वयंरोजगारवाला. देशातले निम्म्याच्या वर कामकरी असेच स्वयंरोजगारवाले आहेत. मग भाजीवाला उद्योजक का हिंजवडीचा? मोजता कोणाला ते आधी ठरवा.

गुरुजी_आर्णी

प्रश्न बरोबर आहे. माझ्या मते दुसऱ्या माणसाला कामावर ठेवतो तो उद्योजक. भाजीवाल्यानं पोरगा ठेवला की तो पण.

उमेद_माय (झरी जामणी)

नमस्कार दादा लोकं, ताई. मी बचत गटाच्या प्रभाग संघात काम करते. तुमचं अमेरिका-बंगलोर वाचलं, छान वाटलं. आता झरीतलं ऐका.

आमच्या एका गटातल्या बायांनी मसाला आणि तुरीच्या डाळीचं युनिट टाकायचं ठरवलं, पीएमईजीपीतून, म्हणजे केंद्र सरकारच्या धंद्यासाठी कर्ज-सबसिडीच्या योजनेतून. बायांना ग्रामीण भागात ३५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे फक्त ५ टक्के टाकावे लागतात, कागदावर एकदम चांगली योजना. पण उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर गेला की अर्जदार आठवी पास पाहिजे. सर्व्हिसचा असला तर ५ लाखांच्या वर. आमच्या गटात जिला खरा धंदा कळते, जी मुकुटबनच्या बाजारात उभी राहून भाव फोडते, ती सहावी. जी बारावी आहे ती त्या बाईची सून, तिला बाजारात बोलायची लाज वाटते. मग अर्ज सुनेच्या नावानं. बँकेत साहेबांनी सुनेलाच सगळं विचारलं, कच्चा माल कुठून, खेळतं भांडवल किती, आणि तिनं सासूकडं पाहिलं, सासूनं घडाघड सांगितलं, तर साहेब म्हणे तुम्ही मध्ये बोलू नका, अर्जदाराला बोलू द्या. फाइल बरेच दिवस तशीच पडून राहिली.

पण याची दुसरी बाजू पण सांगते नाहीतर शिक्षण वाईट असं होईल. युनिट शेवटी लहान करून टाकलं. आता तिथं फूड लायसन, लेबल, त्यावरची तारीख, बॅच नंबर, ऑनलाइन पैसे, दुकानदाराला बिल, हे सगळं ती सून करते. सासूला ते कधीच जमलं नसतं आणि त्याच्याशिवाय वणीचा एक पण किराणावाला माल ठेवत नव्हता. एकीला धंदा येते, एकीला कागद येतात. दोघी एकाच घरात आहेत म्हणून चाललं. ज्या गावात अशी बारावी झालेली, घरी राहणारी, डोकं चालणारी सून नाही तिथल्या गटाचा पापड गावाच्या बाहेर जात नाही. हे मी सगळ्या प्रभागात पाहते. म्हणून ताई, शिकलेली माणसं गावात किती, हे लागतेच. फक्त ते धंदा करणारेच असले पाहिजेत असं नाही, धंदा करणाऱ्याच्या जवळ असले पाहिजेत.

आणि गुरुजी, लग्नाच्या बाबतीत पोरींच्या मायबापाला बोलता ते ठीक, पण पोरगी पण सांगते की मला शेणामातीत नाही जायचं. तिला कोणी विचारत नाही की तुला दुकान सांभाळायला आवडेल का. बहुतेक पोरी हो म्हणतील.

कॉलेजची_ताई (चंद्रपूर)

माय, तुमची पोस्ट मी वर्गात वाचून दाखवणार आहे, नाव न घेता.

अकोलेकर_लेथ

वेकोलि भाऊ आणि माय दोघांच्या पोस्टवरून लिहितो, माझं लेथचं दुकान आहे, दाल मिलची कामं करतो.

अकोल्यात दाल मिल इतक्या का, असं बाहेरचे विचारतात. तूर तर सगळ्या विदर्भात होते. यवतमाळात होते, वाशीमला होते. पण इथं एकाला एक लागून आहे सगळं. रोलरला एमरी, म्हणजे तूर सोलायचा खरखरीत थर चढवणारा आहे, चाळण्या बनवणारा आहे, मोटर बांधणारा आहे, चुनी म्हणजे डाळीचा चुरा आणि टरफल उचलणारा ढेपवाला आहे, बारदाना विकणारा आहे, दलाल तर पायलीला पन्नास. रात्री बेअरिंग गेलं तर रात्रीच भेटते. दुसऱ्या गावात बेअरिंग गेलं की मिल दोन दिवस बंद आणि भिजवलेली तूर खराब. ताईंनी न्यूयॉर्कच्या बटणवाल्याचं लिहिलं ते आमच्या एमरीवाल्याला लागू आहे.

आता यात शिक्षण कुठं आलं? कृषी विद्यापीठ इथं १९६९ पासून. त्यांची पीकेव्ही मिनी दाल मिल तुम्ही पाहिली असेल, गावातल्या गटाला, दोन-चार शेतकऱ्यांना परवडेल अशी. डिझाइन विद्यापीठातल्या इंजिनिअर लोकांचं, पण ती बनवणारे, विकणारे, दुरुस्त करणारे आमच्यासारखे आयटीआयवाले आणि आयटीआय पण न केलेले. विद्यापीठात मशीन नुसतं प्रदर्शनात राहिलं असतं. आमच्याकडं डिझाइन नसतं तर आम्ही जुन्या मिलचे पार्टच घासत बसलो असतो. माझ्या बापाला ड्रॉइंग वाचता येत नव्हतं, नमुना आणून द्या म्हणायचा. मला ड्रॉइंग वाचता येते म्हणून मला नवीन मशीनचं काम भेटते. एवढाच फरक आहे शिक्षणाचा, पण पैशात मोजला तर लय आहे.

डिग्रीच्या मागं लागून आपण हे मधलं शिक्षण विसरतो. फिटर, टर्नर, वायरमन, मोटर वाइंडिंग, हिशोब ठेवणारा, टॅलीवाला. ज्या तालुक्याच्या गावात हे पाच-सहा माणसं चांगले आहेत आणि कंपनीच्या गेटच्या आत नाही तर बाहेर बसले आहेत, तिथं धंदा निघते. वणी-घुग्घुसला हे माणसं आहेत, माझ्यापेक्षा चांगले आहेत, पण गेटच्या आत आहेत.

काळी_माती (वणी तालुका)

माझं निम्मं म्हणणं तुम्ही सगळ्यांनी माझ्यापेक्षा बरं मांडलं आणि निम्म्यात भर टाकली. मी पगारालाच धरून बसलो होतो, ताईंनी मोठा मालक दाखवला, माय आणि अकोलेकर दादांचं वाचून वाटते की धंदेवाल्याला विचारायला माणूस किती जवळ आहे हा खरा माप धरला पाहिजे.

माझ्याच लाइनीतलं एक सांगतो. कीटकनाशकाच्या परवान्याला सरकारनं शेतकी, रसायनशास्त्र अशा एखाद्या विषयाची पदवी मागितली, ज्यांच्याकडं नाही त्यांच्यासाठी देसी डिप्लोमा, हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा, एक वर्षाचा. सुरुवातीला जुन्या दुकानदारांनी लय बोंब मारली. काहींनी दुसऱ्याच्या डिग्रीवर परवाना काढला, मेडिकलवाले करतात तसं, डिग्रीवाला घरी बसून महिन्याचे पैसे घेतो. हे पण एक प्रकारचं शिक्षणाचं भाडंच. पण ज्यांनी डिप्लोमा खरंच बसून केला त्यांच्या दुकानात फरक पडला. पहिले बोंडअळी म्हणलं की जे रॅकमध्ये जास्त आहे ते देऊन मोकळे व्हायचे, आता निदान फेरोमोन ट्रॅप लावला का, किती पतंग सापडले, हे विचारतात. शेतकरी पण ओळखतो कोण सांगून राहिला आणि कोण विकून राहिला. शेवटी गिऱ्हाईक टिकते ते सांगणाऱ्याकडं.

पुण्यातल्या भाऊंना एक विचारतो, तुमचा टेस्टर गेला ते समजलं, पण आता घरून काम चालते ना? मग परत यवतमाळात का नाही?

पुण्यात_अडकलेला (मूळ दिग्रस)

घरून काम चालते म्हणून दोन पोरं दिग्रसवरून काम करतात माझ्यासाठी, हे खरं आहे. पण मी स्वतः आलो तर नवीन गिऱ्हाईक कुठून आणू? माझी अर्धी कामं ओळखीतून येतात, आणि ती ओळख कोथरूडच्या चहाच्या टपरीवर होते.

खरं_बोला (पांढरकवडा)

म्हणजे शेवटी टपरीच कामाची.

वेकोलि_क्वार्टर (घुग्घुस)

अकोलेकर दादा तुमाले एक विचारू का. मले खाणीतली नोकरी नाई, बापाची होती, ते रिटायर झाले. घरी सात एकर वावर उरलं हाय खाणीच्या काठाले, तूर चांगली होते. मी आयटीआय फिटर हाय. तो वेल्डर पोट्टा पण संग येन, त्याले मी बोललो काल. सेकंडहँड मिनी मिल भेटते का? का नवीच घ्यावं? अन इकडं एमरी चढवणारा कोणी नाई, त्याचं कसं?

अकोलेकर_लेथ

सेकंडहँड भेटते, पण आधी तुमच्या वावराजवळ थ्री फेज आहे का आणि किती वेळ राहते ते लाइनमनला विचारून घ्या, शेतीच्या लाइनीवर मिल चालवायची नाही, इंडस्ट्रियल मीटर लागेल. विदर्भातल्या उद्योगांना वीजदरात सवलत होती, ती अजून भेटते का ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. जुनं मशीन घेताना रोलर आणि बेअरिंग बघायचं, रंग नाही बघायचा. एमरी चढवणं अवघड नाही, फिटर असाल तर शिकून घ्याल, मसाला आणि साचा मी देतो.

आता येऊ नका, आता मिल बंद आहेत. जानेवारीत नवी तूर निघाली की या, चालू मिलमध्ये उभे राहून पाहा, क्विंटलमागं डाळ किती पडते आणि चुनी किती जाते हे डोळ्यानं बघा. वेल्डरला पण आणा. राहायची सोय होते.

उमेद_माय (झरी जामणी)

दादा, आमच्या गटातल्या सासू-सुनेला पण न्या ना त्यांच्या संग. भाड्याची गाडी अर्धी-अर्धी होईल.

वेकोलि_क्वार्टर (घुग्घुस)

चालते मावशी. मुकुटबनवरून घेऊन घेतो.